पर्समध्ये परत गेलेली नोट

पत्र थोडक्यात असं आहे. इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या ५८ वर्षांच्या एक बाई संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मुलाबरोबर राजवाड्यावर वाणाचं सामान घ्यायला गेल्या. मुलगा गाडी लावायला जागा शोधत होता, तोवर त्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या समाधिस्मारकांपाशी, थांबल्या. तिथे एक राजस्थानी माणूस रावणहत्था, म्हणजे धनुकलीसारख्या गजाने वाजवायचं तंतुवाद्य, वाजवत बसला होता आणि शेजारी सात-आठ वर्षांची मुलगी होती. जुन्या सिनेमाची धून चालू होती. बाईंनी विचारलं, "तुमच्याकडचं काही येतं का?" त्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, एक खुंटी पिळली आणि पाबूजी या राजस्थानी लोकदेवाची कथा लावली. बाई पायरीवर बसल्या त्या चाळीस मिनिटं. शेवटी पर्समधून पाचशेची नोट काढली, तेव्हा मुलाने मनगट धरलं. "आई, इथे पैसे देणं गुन्हा आहे. वर कॅमेरे बघ." नोट परत पर्समध्ये गेली. तो माणूस म्हणाला, "कोई बात नहीं, माँ-सा." वाद्य फडक्यात गुंडाळून तो आणि मुलगी निघून गेले.

तेव्हापासून बाईंना झोप नाही. मुलगा एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेशच्या राज्यसेवा परीक्षेची, तयारी करतोय, त्याच्याशी धड बोलणं नाही. यजमान म्हणतात, या लोकांच्या टोळ्या असतात, सोडून दे. बाईंच्या मनात मात्र त्या माणसाला शोधायचं, मुलीच्या शिक्षणाचा खर्च उचलायचा आणि रथसप्तमीच्या आत घरच्या हळदीकुंकवाला त्याचं वादन ठेवायचं आहे. त्यांनी तीन प्रश्न विचारलेत. मी चुकले का? मुलाला माणुसकी कशी शिकवू? आणि त्या माणसाची भरपाई कशी करू?

ताई, नमस्कार.

तुमचं मूळ पत्र तीन पानांचं आहे. त्यात त्याचा केशरी फेटा आहे, मुलीच्या पायातल्या दोन वेगवेगळ्या चपला आहेत, गजाला बांधलेले घुंगरू आहेत, त्याच्या डाव्या अंगठ्याचं काळं पडलेलं नखसुद्धा आहे. तीस वर्षं वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत नजर ठेवलेल्या बाईंनी लिहिलेलं पत्र आहे हे सांगावं लागत नाही. त्यात एक गोष्ट मात्र नाही. तिच्याकडे मी शेवटी येतो.

आधी मुलाचं बघू, कारण तुमच्या घरात सध्या खरा गारठा तिथे आहे. "त्याला माणुसकी कशी शिकवू" हा प्रश्न मी तुम्हाला परत करतोय. तुमचा मुलगा कंजूस आहे असं पत्रात कुठेही दिसत नाही. उलट गाडी लावून आल्यावर तो दहा मिनिटं मुकाट्याने उभा राहिला, हे तुम्हीच लिहिलंय. त्याने मनगट धरलं ते नोटेसाठी नव्हतं, भीतीने धरलं. भंवरकुआँच्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये दिवस काढणाऱ्या मुलाला पोलीस, गुन्हा, चारित्र्य पडताळणी हे शब्द आपल्यापेक्षा फार जवळचे असतात. गुन्हा नोंदला गेला असता तर तो तुमच्यावर, त्याच्यावर नाही, पण त्या क्षणी हा हिशेब कोण करतो? आपल्या आईवर गुन्हा दाखल होताना बघायचा नाही, एवढंच त्याला कळलं. याला मी माणुसकीचा अभाव म्हणणार नाही. फार तर गोंधळ म्हणेन, आणि तो गोंधळ त्याने एकट्याने घातलेला नाही.

कारण नियम खरा आहे. आपल्या जिल्हा प्रशासनाने १ जानेवारी २०२५ पासून शहरात भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश लागू केला. भीक मागणाऱ्याची खबर देणाऱ्याला १००० रुपयांचं बक्षीसही जाहीर झालं होतं. सरकारी आदेश मोडला म्हणून भारतीय न्याय संहितेचं २२३ वं कलम लागतं, त्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. असे आदेश मुदतीचे असतात, संपतात आणि पुन्हा निघतात. त्यामुळे आज नेमकं काय लागू आहे हे कलेक्टर कचेरीत विचारून घेतलेलं बरं. आणि हा आदेश नुसत्या कठोरपणातून आला असंही मी म्हणणार नाही. सिग्नलवर तान्हं मूल कडेवर देऊन उभी केलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. मुलांच्या हातात वाडगा देणारी साखळी तुटावी असं कुणाला वाटणार नाही? तुमच्या यजमानांचं "टोळ्या असतात" हे अगदीच हवेतलं नाही.

पण टोळीला रावणहत्था लागत नाही हो.

मी एकदा हे वाद्य हातात घेऊन पाहिलंय. नारळाची करवंटी, तिच्यावर ताणलेलं बकरीचं कातडं आणि बांबूची दांडी. वाजवायच्या तारांपैकी एक घोड्याच्या शेपटीच्या केसांची, एक पोलादाची, आणि खाली न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तरफेच्या तारांची रांग, प्रत्येकीला वेगळी खुंटी. थंडीत त्या सगळ्यांचे सूर हलतात. वाजवणारा सकाळी आधी अर्धा तास खुंट्यांशी झगडतो आणि त्या वेळात त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. गजाला घुंगरू कशाला, असं मी त्या माणसाला विचारलं होतं. त्याने गज नुसता हवेत झटकून दाखवला. सूर गजाच्या घासण्याने निघतो आणि ठेका त्याच हाताच्या झटक्याने, त्यामुळे ढोलकीवाल्याचा वाटा वाचतो. मग मी गज तारेवर ठेवला, तर दाराची बिजागरी कुरकुरावी तसा आवाज आला. त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली.

हे सांगतोय ते कायद्याच्या गोष्टीसाठीच. भीक आणि कला यांच्यामधली रेघ कायद्याने नीट आखलेली नाही, आणि हा घोळ जुना आहे. मुंबई राज्याच्या १९५९ च्या कायद्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे, तिच्यात गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं यांच्या मिषाने पैसे मागणंही धरलंय. तोच कायदा दिल्लीत लागू होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं रद्द केली, पण तो निकाल दिल्लीपुरता. आपल्या मध्य प्रदेशचा भिक्षावृत्तीचा कायदा वेगळा, १९७३ चा. दुसऱ्या बाजूला २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. त्यात रस्त्यावर माल विकणाऱ्याबरोबरच लोकांना सेवा देणारा, तोही एका जागेवरून दुसऱ्या जागी फिरणारा, धरलेला आहे. रावणहत्था ऐकवणं ही सेवा की भीक, हा वाद एखादा चांगला वकील तासभर घालू शकेल. रविवारी दुपारी कृष्णपुऱ्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या हवालदाराकडे तेवढा वेळ नसतो. म्हणून मुलाच्या सावधपणाला मी चूक म्हणत नाही, आणि तुमच्या अस्वस्थपणालाही नाही.

गंमत म्हणजे हाच माणूस लालबागेत मालवा उत्सवाच्या मंचावर असता, तर त्याच्यावर दिवे पडले असते, निवेदिकेने त्याला लोककलावंत म्हटलं असतं आणि तुमचा मुलगा पुढच्या रांगेत बसून व्हिडिओ काढत असता. लालबाग तिथून किती लांब आहे? रिक्षावाला नाखुशीने येईल एवढी.

आता तुमचा पहिला प्रश्न. तुम्ही चुकलात का? माझ्या मते चूक झाली, पण तुम्हाला वाटते ती नाही.

तुम्ही लिहिता, "त्याचे डोळे मला सांगत होते की त्याचा अपमान झालाय." ताई, डोळ्यांनी एवढं सांगितलं असेल का? तोंडाने तो फक्त "कोई बात नहीं" म्हणाला. परत गेलेली ती त्या दिवसातली कदाचित चौथी नोट असेल. कदाचित त्याची नजर तुमच्याकडे नव्हतीच, कोपऱ्यावरच्या पोलिसांच्या गाडीकडे असेल आणि त्याने वाद्य त्यासाठीच गुंडाळलं असेल. किंवा मुलीला भूक लागली असेल. तुम्ही त्याच्या मनाची एक गोष्ट रचलीत. त्या गोष्टीत तुम्ही अपराधी आणि तो मूक सोसणारा. ही गोष्ट तुम्हाला रात्री जागवते, पण तिचा त्याला काही उपयोग नाही.

खरं घडलं ते साधं आणि जरा जास्त टोचणारं आहे. तुम्ही त्याची चाळीस मिनिटं घेतलीत. तीही कुठली? संक्रांतीच्या आधीच्या रविवारची. खजुरी बाजार, सराफा, मारोठिया सगळीकडे मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. वर्षातले त्याच्या कमाईचे जे मोजके दिवस, त्यातला हा एक. सिनेमाची धून वाजवत असता, तर येणारा-जाणारा दोन मिनिटं थांबून दहाची नोट टाकून पुढे गेला असता. तुम्ही त्याला "तुमच्याकडचं" वाजवायला सांगितलंत. पाबूजीची कथा ऐकायला वाटसरू थांबत नाही. म्हणजे तुमच्या फर्माइशीसाठी त्याने त्या वेळेपुरतं दुकान बंद ठेवलं.

म्हणून त्याचे तुमच्याकडे पैसे राहिलेत. ही उधारी आहे. दान म्हटलं की द्यायचं की नाही हे आपण ठरवतो. उधारीत ते दुसऱ्याने आधीच ठरवलेलं असतं.

आणि इथेच तुमच्या बेतांबद्दल मला शंका येते. मुलीच्या शिक्षणाचा खर्च, हळदीकुंकवाला कार्यक्रम, हे सगळं छान आहे, पण ते उधारीच्या जागी दान ठेवणं आहे. किराणा दुकानाची उधारी आपण देवळातल्या पेटीत टाकून फेडत नाही. दुकानदाराच्या हातात देतो, तेवढीच देतो, आणि "यातून मुलांना वह्या घ्या हं" असं म्हणत नाही.

मीही यात पोळलोय, म्हणून बोलतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी रीगल चौराह्याजवळ एक फिरता चित्रकार बसलेला पाहिला. समोर माणूस बसवून पेन्सिलीने चेहरा काढायचा. डिसेंबरचा शेवट होता, गार वारं होतं आणि त्याच्या अंगात पातळ सदरा होता. मी चित्र काढून घेतलं आणि मोठ्या मनाने अंगातला स्वेटर काढून त्याला दिला. घरी येईपर्यंत मला हुडहुडी भरणार होती, आणि खरं सांगू, त्या हुडहुडीचीही मी मनात गोष्ट करून ठेवली होती. त्याने स्वेटर घेतला, नीट चौकोनी घडी घातली आणि वाऱ्याने उडणाऱ्या कागदांवर वजन म्हणून ठेवला. मग हात पुढे करून म्हणाला, "सौ रुपये, बाबूजी."

ते चित्र अजून माझ्याकडे आहे. नाक जरा मोठं आलंय. घरचे म्हणतात, बरोबर आलंय.

आपल्या भाषेत यासाठी चांगला शब्द आहे, बिदागी. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला निरोप देताना द्यायची ती बिदागी. तिच्यात दया नाही. वासुदेवाचं आठवा. तुमच्या-माझ्या लहानपणी इथल्या मराठी घरांत आजीच्या तोंडून तरी त्याच्याबद्दल ऐकलेलं असतं. डोक्यावर मोरपिसांची टोपी आणि हातात चिपळ्या. सुपातले मूठभर दाणे झोळीत पडले की "दान पावलं" म्हणत तो एकेका देवाचं, एकेका क्षेत्राचं नाव घ्यायचा. म्हणजे देणाऱ्याचे दाणे घेणाऱ्याच्या झोळीत पडले, तरी शब्दांनी ते थेट विठोबापर्यंत पोचवले. दोघांपैकी कुणालाच खाली बघावं लागत नव्हतं. ती सोय होती, आणि फार हुशारीने केलेली. आपल्याकडे आता ती उरलेली नाही. उरलंय काय, तर हातात नोट आणि डोक्यावर कॅमेरा. मग त्यातल्या त्यात स्वच्छ मार्ग एकच, व्यवहार सरळ व्यवहारासारखा करायचा.

म्हणून आधी त्याला शोधा. पण शोधायची पद्धत बघा. त्याचा फोटो समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून "कुणाला दिसल्यास कळवा" असं करू नका. ज्या गावात खबरीला बक्षीस लागलेलं होतं, तिथे हे करणं म्हणजे त्याच्या मागे माणसं लावणं आहे. त्याच वेळी, त्याच वारी दोन-तीनदा तिथे जा. आसपासच्या चहावाल्याला किंवा फुलवाल्याला विचारा, कारण फुटपाथवरच्या माणसाचा पत्ता फुटपाथवरच्याच माणसाला ठाऊक असतो. तो गाव सोडून पुढे गेलेला असण्याचीही तयारी ठेवा. फिरत्या माणसाचा मुक्काम आपल्या पश्चात्तापासाठी लांबत नाही.

भेटला, तर आधी जुना हिशेब. पाचशे रुपये त्याच्या हातात, "त्या दिवशीचे राहिले होते" एवढं एकच वाक्य म्हणून. रस्त्यावर द्यायला मुलगा घाबरत असेल, तर फोनवरून पाठवा. या मंडळींपैकी बऱ्याच जणांकडे आता क्यूआर कोडचा पुठ्ठा असतो, त्याच्याकडे नसेल तर चहावाल्याकडे असेल. व्यवहाराच्या रकान्यात "रावणहत्था वादन" असं लिहा. न्यायालयात हा रामबाण पुरावा ठरेल असं नाही, पण तुम्ही कशाचे पैसे देताय हे तुमच्या मुलाच्याही डोळ्यांसमोर येईल. किंबहुना पैसे त्यालाच पाठवू द्या. त्याला माणुसकीचा धडा देण्यापेक्षा हे काम द्या. आणि आदेशाबद्दल कचेरीत विचारायचं कामही त्याच्याकडेच सोपवा. अभ्यासक्रमात राज्यव्यवस्था आहेच, थोडी प्रत्यक्ष बघू दे.

हळदीकुंकवाला मात्र बोलावू नका. रागावू नका, सांगतो का ते. हळदीकुंकवाला बायका वाण लुटायला, एकमेकींच्या साड्या बघायला, तिळगूळ खाता-खाता मनसोक्त बोलायला येतात, आणि तसंच असायला हवं. तिथे कोपऱ्यात बसवलेला वादक हा सजावटीचा भाग होतो. सुगडांच्या शेजारी रावणहत्था. कुणीतरी त्याच्याबरोबर सेल्फी काढणार, कुणीतरी मुलीच्या हातात उरलेलं वाण कोंबणार. तुम्ही त्याला चाळीस मिनिटं ऐकलंत, तेवढं ऐकणारी माणसं हवीत. दहा-बारा पुरेत. तुमच्याकडे गच्ची असेल, वाड्याचा चौक असेल, तर संध्याकाळी एक वेगळी छोटी बैठक ठेवा. घरात बोलावून, आधी ठरवलेल्या मानधनावर कार्यक्रम करणं याला भीक म्हणायचं धाडस कुठल्याही हवालदाराला होणार नाही. येणाऱ्यांनी शंभर-दोनशे काढले तरी चांगली रक्कम जमते.

रक्कम आधी ठरवा. हे अवघड जाईल, कारण तो हमखास म्हणेल, "जो आपकी खुशी." या तीन शब्दांत आपण मराठी मध्यमवर्गीय माणसं नेहमी फसतो, आणि आपली खुशी ऐन वेळी बरीच आखडते. त्याला सांगा, "खुशी राहू द्या, भाव सांगा." त्याने आकडा सांगितला तर घासाघीस नको. फारच कमी सांगितला, तर तुमच्या भजनी मंडळात येणाऱ्या तबलजीला तुम्ही काय देता ते आठवा आणि तेवढे द्या. जाण्या-येण्याची रिक्षा, जेवण, आणि खुंट्या लावायला आधीचा अर्धा तास. व्हिडिओ काढायचा असेल तर त्याला विचारून. त्याच्या गावाकडे आपण शहरात काय करतो हे त्याने कसं सांगितलंय, ते आपल्याला माहीत नसतं.

पाबूजीची सगळी कथा एका बैठकीत मागू नका. ती कथा सांगणाऱ्याला तिकडे भोपा म्हणतात. तुळजापूरच्या भोप्यामुळे शब्द आपल्या ओळखीचा आहे, अर्थ जरा वेगळा. मागे कापडावर रंगवलेली फड असते, सुमारे पंधरा फूट लांब. भोपी, म्हणजे त्याची बायको, दिवा धरून त्या-त्या चित्रावर उजेड पाडते आणि गाते, भोपा वाजवत नाचतो, रात्र सरते. ती फड म्हणजे त्यांचं हलतं देऊळ. जीर्ण झाली की पुष्करच्या तलावात विसर्जन करतात. तुम्ही जे ऐकलंत ते देऊळ, दिवा, बायकोचा आवाज, रात्र, यातलं काहीही जवळ नसताना, मागे हॉर्न वाजत असताना त्याने उभं केलेलं होतं. आणि "बिचाऱ्याला सिनेमाची गाणी वाजवावी लागतात" असं तुम्ही लिहिलंय, तो "बिचारा" खोडा. वाटसरूला पाच सेकंदांत थांबवणारी धून निवडणं हेही कसब आहे. कदाचित ती त्याला आवडतही असेल. विचारून बघा.

माळव्यात राहून या विषयावर लिहायचं आणि कुमारांचं नाव घ्यायचं नाही, असं जमत नाही, वाचकांनी सवयीने माफ करावं. १९४८ मध्ये क्षयाने आजारी गायक कुमार गंधर्व देवासला आले आणि काही वर्षं गाणं बंद होतं. त्या पडून राहण्याच्या काळात खिडकीबाहेरून, वस्तीतून, वाटेवरून येणारी माळव्याची गाणी त्यांच्या कानावर पडत राहिली. पुढे त्यांचे धुनउगम राग, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले राग, त्यातूनच आले. आणि आपल्या इंदूरचे ख्यालगायक अमीर खाँसाहेब, त्यांचे वडील शाहमीर खाँ सारंगिये होते, होळकर दरबारात चाकरीला. गजाने वाजणाऱ्या वाद्याला या गावाने कधीकाळी पगार दिलाय, एवढं तुमच्या यजमानांच्या कानावर घाला. टोळीच्या गोष्टीवर तोडगा म्हणून नव्हे, जेवताना विषय म्हणून.

राहिली मुलगी. तुमच्यातल्या शिक्षिकेला ती सगळ्यात जास्त टोचतेय, हे कळतं मला. दोन वेगळ्या चपला तुम्ही विसरणार नाही. पण पहिल्याच भेटीत "हिला शाळेत का घालत नाही?" हे विचारलंत, की त्याच्या लेखी तुम्ही कचेरीतून आलेली बाई होता. फिरत्या माणसाच्या मुलीची शाळा हा फीचा प्रश्न क्वचितच असतो. वर्षातले पाच महिने ती कुठे आणि कुणाकडे राहणार, हा असतो, आणि त्याचं उत्तर त्यांच्या गावात असतं, रामबागेत नाही. कदाचित ती गावी शाळेत जातही असेल आणि बापाबरोबर फक्त आली असेल. तुम्ही विचारलंय कुठे? तिच्याशी बोला, तिला काय येतं ते बघा, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत त्याने विषय काढला तर मग तुमचा तीस वर्षांचा अनुभव कामाला येईल. आणि हे सगळ्याच वाचकांसाठी: एखादं मूल मारहाणीत, धाकाखाली, भुकेलं दिसलं, तर विचार करत बसू नका, १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. दोन वेगळ्या चपला हे त्याचं कारण होत नाही.

समजा तो भेटलाच नाही, तर पाचशेची ती नोट वेगळी काढून ठेवू नका, देवापुढेही ठेवू नका. खर्च करा. असं वाद्य पुन्हा कुठे ऐकू आलं, तर थांबण्याआधी मनात ठरवा, दोन मिनिटं ऐकणार की अर्धा तास. अर्धा तास ऐकणार असाल तर बसायच्या आधी भाव विचारा. आधी पैसे, मग पायरी. मुलगा बरोबर असेल तर त्याला गाडी लावायला लांब पाठवू नका. तो तेव्हा तुमच्या शेजारी असता, तर शेवटची दहाच मिनिटं त्याच्या वाट्याला आली नसती, आणि कथा कुठे चाललीय हे कळण्याआधीच त्याला कॅमेरा दिसला नसता.

आता ती राहिलेली गोष्ट. फेटा, नख, चपला, घुंगरू, सगळं आहे पत्रात, पण त्याचं नाव नाही. चाळीस मिनिटांत विचारलं गेलं नाही. मुलीचंही नाही. भेटला तर पैशांच्याही आधी तेवढं विचारून घ्या, आणि मला कळवा. इथे छापणार नाही, माझ्यासाठी हवंय. त्या रीगलजवळच्या चित्रकाराचं नाव चित्राच्या कोपऱ्यात आहे, पण सही अशी काही वळणदार आहे की इतकी वर्षं झाली, मला ती लागत नाही.